बॅटऱ्या खाली

वीज गेल्यावर संगणकाला चार-पाच मिनिटं श्वास पुरवणारा जो डबा असतो, त्याच्या, म्हणजे यूपीएसच्या, बॅटऱ्या बदलायला वीस मिनिटं लागतात. असं त्या डब्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेलं आहे. सुनेत्राला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिने एका भल्या दुकानदारावर फसवणुकीचा आरोप केला, शेजारच्या गोविंदकाकांच्या डाव्या भुवईचे पाच-सहा केस जळताना पाहिले, आणि नाशिकच्या कॉलेजात वीस वर्षं मराठी शिकवून मिळवलेली अब्रू बडोद्यात, समा भागातल्या एका टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या बंगलीच्या, जिन्याखाली ठेवली.

मार्चअखेर तिचे वडील गेले. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले, सतरंज्या परत गेल्या आणि माडीवरून आवाज ऐकू आला. टूं. दोन सेकंद शांतता. टूं.

"महिना झाला ओरडतोय," आई डाळ निवडता निवडता म्हणाली. "आधी तुझे अप्पा त्याला गप्प करायचे."

सुनेत्रा माडीवर गेली. टेबलाखाली यूपीएस लाल दिवा लावून बसला होता आणि त्याच्या पाठीवर अप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'बॅटऱ्या खाली. १२ मार्च. – द.' द म्हणजे दत्तात्रेय. घरातल्याच माणसांसाठी लिहिलेल्या चिठ्ठीखालीही ते सही करत. तेलशुद्धीकरण कारखान्यात चौतीस वर्षं उपकरणं सांभाळलेला माणूस. सहीशिवाय तिथे झाकणही उघडत नसे.

या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू शोधावी लागली असती. गॅसच्या सिलिंडरवर 'दुसरा गॅलरीत', न्हाणीघरातल्या साबणदाणीवर 'नवा वरच्या फळीवर', देवघरातल्या दिव्याला 'वाती डाव्या खणात'. साबण पार नखाएवढा झाल्याशिवाय मात्र वरच्या फळीवरच्या साबणाला हात लावायची सोय नव्हती. जुनं पूर्ण संपल्याशिवाय नवं काढायचं नाही, हा अप्पांचा नियम. त्यापायी सुनेत्राने लहानपणी पाहुण्यांसमोर अंगठ्याएवढ्या पेन्सिली वापरलेल्या होत्या.

ती खाली आली आणि म्हणाली, "आई, बॅटऱ्या खाली आहेत."

"हो, माहीत आहे मला," आई म्हणाली. "आणि साखरेचा डबापण खाली झालाय. बाहेर पडलीस तर आण."

विषय तिथे संपला. निदान दोघींना तसं वाटलं.

आता एवढ्या जुन्या यंत्रासाठी जिवाचा आटापिटा कशाला, असं कोणीही विचारेल. गोविंदकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याचं उत्तर त्या संगणकातच होतं. बडोद्याची मराठी माणसं घरात मराठी म्हणून जे बोलतात, त्यात गुजराती शब्द किती आणि कसे मिसळले आहेत, याचा कोश अप्पांनी तीस वर्षं खपून केला होता. अकराशे शब्द. लग्नांच्या पंगतींत, भाजीच्या हातगाडीपाशी, बँकेच्या रांगेत कान लावून जमवलेले. गंमत अशी की यातला एकही शब्द ते स्वतः तोंडात घेत नसत. मिठाईच्या दुकानाचा मालक मधुमेही असावा तसं. सुनेत्रा 'हिंचका' म्हणाली की ते मान वर न करता 'झोपाळा' म्हणायचे आणि मग वहीत लिहून घ्यायचे, 'हिंचका, सुनेत्रा, वय वर्षे सात.'

कोश एक मेला प्रसिद्ध व्हायचा होता. तो दिवस महाराष्ट्राचाही आणि गुजरातचाही, त्यामुळे या पुस्तकाला तोच मुहूर्त, असं अप्पांनी मराठी ग्रंथालयाच्या लक्ष्मीकांत कर्णिकांना सांगून ठेवलं होतं. छापखान्याला मजकूर वीस एप्रिलपर्यंत हवा होता. शेवटचं वाचन तेवढं राहिलं होतं, आणि ते आता सुनेत्राने अंगावर घेतलं होतं. मजकूर होता कुठल्याशा जुन्या मराठी टंकात, म्हणजे फाँटमध्ये. तो टंक फक्त त्याच संगणकावर चाले. लॅपटॉपवर फाइल उघडली की अकराशे शब्दांची जागा टोप्या आणि शिंगं घातलेली परदेशी अक्षरं घेत.

आणि एप्रिलच्या उन्हात समोरचा रस्ता खणत होते, तेव्हा वीज दिवसातून सहा-सात वेळा डोळा मारायची. बॅटऱ्या मेलेल्या असल्याने संगणक तिथल्या तिथे बंद पडे. पुन्हा सुरू केला की तो आधी चाळीस मिनिटं स्वतःची प्रकृती तपासे. सुनेत्रा अ पासून वाचायला लागे, 'कंकोत्री' म्हणजे लग्नपत्रिका इथपर्यंत येई, 'कबाट' म्हणजे कपाट इथे पोचे, की वीज जाई. केलेल्या दुरुस्त्याही जात. तीन दिवसांत ती पाच वेळा कबाटापर्यंत गेली आणि पाच वेळा परत आली.

शेवटी तिने यूपीएसच्या कंपनीला फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "ज्यांच्या नावावर खरेदी आहे, त्यांना फोन द्याल का?"

"ते नाहीत."

"केव्हा येतील?"

"येणार नाहीत. मी त्यांची मुलगी बोलतेय."

"ओके मॅडम. मग त्यांच्या मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांगा."

मोबाइल आईच्या साड्यांखाली होता, बंद. तो चार्जिंगला लावून सुरू होईपर्यंत नंबरची मुदत संपली. दुसरा नंबर आला तेव्हा त्याबरोबर वाढदिवसाचे, हवामानाचे, आणि 'तुम्ही बऱ्याच दिवसांत आमच्याकडे आला नाहीत' असे सत्तेचाळीस निरोप एकदम आले. सुनेत्राने ते वाचले नाहीत. नंबर सांगितला. मुलीने तपासून सांगितलं की यंत्राची हमी सात वर्षांपूर्वीच संपली असून जवळच्या विक्रेत्याकडे जावं. शिवाय आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

जवळचा विक्रेता म्हणजे निजामपुऱ्यातले केयूरभाई. त्यांच्या दुकानाचं नाव यूपीएसवर चिकटवलेलं होतंच. पंचेचाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, कपाळावर चष्मा ठेवून तोच शोधत बसणारे.

"आवो बेन. तमे काकानी दीकरी ने?" ते उभे राहिले. काका म्हणजे अप्पा, दीकरी म्हणजे मुलगी. मग खुर्ची पुढे केली. "बोलो, शुं काम पड्युं?"

"यूपीएसला बॅटऱ्या हव्यात. दोन."

केयूरभाई गोंधळले. "पण काका तो बार मार्चे बे बॅटरी लई गया छे. नवी. पॅक."

"हो. त्याच खाली आहेत."

"खाली? एक महिनामां?"

"एका महिन्यात नाही, त्याच दिवशी! त्यांनी तारीख घालून लिहून ठेवलंय, बारा मार्च."

"एवुं बने ज नहीं, बेन," केयूरभाई म्हणाले. "बॅटरी अहीं लई आवो, हुं जोई आपीश."

इतकंच झालं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण घरी येताना फाटकात गोविंदकाका भेटले. गोविंदकाका रेल्वेत गाडीच्या डब्यांमधले दिवे आणि पंखे सांभाळून निवृत्त झालेले. जगातल्या प्रत्येक विद्युत उपकरणाला ते डबाच समजतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा त्याने काम भागतं.

"घेतल्या दिवशी खाली?" ते कडाडले. "सुनू, जुना माल दिला त्याने! दत्तोपंतांसारखा माणूस, सुईची पावती ठेवणारा, त्याला फसवतो? थांब, डबा उघडू."

डबा उघडायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला झाला. गोविंदकाकांनी पायात रबरी चपला घातल्या, घड्याळ काढून ठेवलं, आईला 'वहिनी, मेन स्विच बंद करा' अशी आज्ञा केली आणि पाठ टेबलाला लावून जमिनीवर बसले. आठ स्क्रू निघाले. आत दोन बॅटऱ्या फुगून एकमेकींना आणि डब्याला घट्ट चिकटल्या होत्या. टम्म पुऱ्यांसारख्या.

"पाहिलंस? महिन्यात फुगल्या! निकृष्ट!"

त्यांनी एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी, मग सुनेत्राला डबा धरायला सांगून पाय लावला. बॅटऱ्या एकदम निसटल्या, काका मागे गेले, आणि हातातल्या पकडीने लाल तारेला आणि काळ्या तारेला एकाच वेळी शेकहँड केला. चर्र असा आवाज झाला. केस जळल्याचा वास आला.

"या मेलेल्या आहेत ना?" सुनेत्रा घाबरून म्हणाली.

"मरणाऱ्यातही थोडी धुगधुगी असते," भुवई चोळत काका म्हणाले, आणि लगेच त्यांना आपण कोणासमोर काय बोललो ते कळलं. आईने आतून खोबरेल तेलाची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

ते बोलणं मागे टाकायला म्हणून असेल, पण काकांनी तिथेच तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. विषय: दिनांक १२ मार्च रोजी खरेदी केलेल्या व त्याच दिवशी खाली झालेल्या दोन (२) बॅटऱ्यांबाबत. संदर्भ: यूपीएसवरील चिठ्ठी. पत्र सुनेत्राकडे तपासायला आलं. तिने लाल पेन घेऊन अकरा चुका काढल्या. दोनदा आलेलं 'कृपया' एकदा केलं. 'तात्काळ'चं 'तत्काळ' केलं. एका वाक्याला कर्ता नव्हता, तो दिला. मराठीच्या प्राध्यापिकेने तपासलेलं इतकं शुद्ध पत्र निजामपुऱ्याच्या बाजारात याआधी गेलं नसावं.

दुपारी काकांच्या स्कूटरवरून ती दोघं, फुगलेल्या दोन बॅटऱ्या आणि पत्र अशी सगळी केयूरभाईंच्या दुकानात पोचली. काकांनी पत्र काउंटरवर ठेवलं. बडोद्यात जन्मलेल्या गुजराती माणसाला मराठी वाचायला सहसा अडचण येत नाही. यावेळी आली असती तर बरं झालं असतं. केयूरभाईंनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा कपाळावर नेला.

"फसवणूक," ते हळूच म्हणाले. "हुं काकांना फसावुं?"

मग त्यांनी एक बॅटरी उचलली आणि उलटी केली. तिच्या बुडावर पांढऱ्या शाईने लिहिलं होतं: 'बसवली १४ जून २०२१. – द.' दुसरी उलटी केली. तिथेही तेच, तशीच सही.

"आ अक्षर कोना छे, बेन?"

अक्षर कोणाचं ते दुकानात तिघांनाही माहीत होतं. पंखा फिरत राहिला. गोविंदकाका म्हणाले, "अरे, मला दूध घ्यायचं होतं," आणि तत्काळ, तात्काळ नव्हे, गेले.

सुनेत्राने काउंटरवरच्या पत्राची घडी घातली. कॉलेजात एखाद्या मुलाने दुसऱ्याची उत्तरपत्रिका आपली म्हणून दिली की ती जसं पाहत असे, तसं आता कोणीतरी तिच्याकडे पाहावं असं तिला वाटलं. केयूरभाई तसं पाहत नव्हते. ते त्या पांढऱ्या अक्षरांवरची धूळ अंगठ्याने पुसत होते.

"तळिये तारीख लखवानुं काकाए ज शिखवाड्युं मने," ते म्हणाले. त्यांनी मागच्या फळीवरची एक बॅटरी उलटी करून दाखवली. तिच्यावर तारीख होती. शेजारच्या बॅटरीवरही. "वीस वरसथी लखुं छुं. वर लिहिलं की पुसलं जातं, खाली लिहायचं. असं काका सांगायचे. पण बेन, तो पछी नवी बॅटरी क्यां गई?"

ते तिला ठाऊक नव्हतं. कोणाला देऊन टाकल्या असतील. अप्पा देत असत. तिने माफी मागितली. मराठीत मागितली, मग गुजरातीत मागितली, मग दोन्हींचं मिश्रण झालं. नव्या बॅटऱ्या द्या म्हणाली, तर नेमक्या त्या मापाच्या संपल्या होत्या, पुढचा माल वीस तारखेनंतर.

वीस तारीख हे शब्द ऐकून तिचा चेहरा कसा झाला कोण जाणे. केयूरभाईंनी विचारलं आणि तिने सांगितलं. कोश, छापखाना, एक मे, कबाट.

ते काउंटरखाली वाकले. तिथे त्यांच्या स्वतःच्या संगणकाचा यूपीएस होता. चार स्क्रू, दोन बॅटऱ्या, काम झालं. पाय लावावा लागला नाही.

"आ लई जाओ. काकानुं काम अटकवुं न जोईए."

"आणि तुमचा संगणक?"

"लाईट जशे तो चा पीशुं."

घरी येऊन त्यांनीच त्या बसवल्या, उरलेले स्क्रू मोजले, आणि आईच्या हातचा चहा घेऊन गेले. यूपीएस गप्प झाला. इतक्या दिवसांनी माडीवर शांतता पसरली, तेव्हा आई जिन्यापर्यंत येऊन वर पाहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्रा वाचायला बसली. साडेअकराला वीज गेली. पंखा थांबला, संगणक चालू राहिला. वीज आली. ती कंकोत्रीवरून पुढे गेली. कबाट आलं. ती कबाटापुढे गेली. कुठलासा डोंगर चढल्यासारखं तिला वाटलं. अप्पांच्या नोंदी वाचताना ती मधूनच हसत होती, कारण उदाहरणांपुढे त्यांनी बोलणाऱ्याचं नाव आणि ठिकाण दिलं होतं, आणि निम्मी माणसं ओळखीची होती. कोणाचीही टर उडवलेली नव्हती. पादरा गावातल्या एका वांगी विकणाऱ्या बाईच्या एका वाक्यासाठी त्यांनी सबंध परिच्छेद दिला होता. भाषेवर इतकं प्रेम करूनही तिला मोकळं फिरू देणारी माणसं थोडी. सुनेत्रा स्वतः त्यांतली नव्हती. ती लाल पेनवाली.

मग ख आला.

'खाली (वि.) : रिकामा, संपलेला. गुजरातीवरून. उदा. "बॅटरी खाली झाली" (केयूरभाई, निजामपुरा). "साखरेचा डबा खाली आहे" (सौ. लीला, आमचे स्वयंपाकघर). बडोद्याच्या मराठी घरांत सर्रास. आमच्या घरात मी सोडून सर्व. मी हा शब्द फक्त खालच्या बाजूसाठी वापरतो.'

सुनेत्राने नोंद पुन्हा वाचली. टेबलाखाली वाकून चिठ्ठी वाचली. दुसरा गॅलरीत. नवा वरच्या फळीवर. वाती डाव्या खणात. बॅटऱ्या खाली.

ती खाली उतरली.

जिन्याखाली एक बुटकं लाकडी कपाट आहे. अप्पा त्याला कपाट म्हणत, बाकी सगळे कबाट. तिने दार उघडलं. जुन्या रंगांच्या डब्यांशेजारी वर्तमानपत्रावर दोन नव्या कोऱ्या बॅटऱ्या बसल्या होत्या. तिने एक उचलून उलटी केली. 'घेतली १२ मार्च. बसवली', आणि पुढे मोकळी जागा. शेजारी पांढऱ्या शाईचं पेन. त्याखाली चिठ्ठी: 'जुन्या पूर्ण संपल्यावरच. घाई नको. – द.' चौदा मार्चला ते दवाखान्यात गेले होते.

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. बॅटरी मांडीवर बरीच जड लागत होती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने एकदा बॅटरीकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत पायरीवर शेजारी बसली.

"आई, या इथे आहेत हे तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? पिशवीचा दुसरा बंद मीच धरला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कुठे विचारलंस? तूच येऊन म्हणालीस, बॅटऱ्या खाली आहेत. मी म्हटलं, माहीत आहे."

"आणि मी केयूरभाईंशी भांडायला निघाले तेव्हा?"

"मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, काही दोष दिसला असेल तुम्हाला." आईने तिच्या मांडीवरची बॅटरी सरळ केली. "तुझे अप्पा असते तर तुला आज वहीत घातलं असतं."

"वय वर्षे सत्तेचाळीस," सुनेत्रा म्हणाली. मग दोघी हसल्या, आणि मग बराच वेळ हसल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत.

संध्याकाळी ती केयूरभाईंच्या दुकानात गेली. त्यांच्या बॅटऱ्या त्यांना परत दिल्या, पण आधी छापून आणलेली ती नोंद काउंटरवर ठेवली. केयूरभाईंनी आपलं नाव वाचलं. कपाळावरचा चष्मा शोधला, डोळ्यांवर घेतला आणि परत वाचलं. "पुस्तकमां?" त्यांनी विचारलं. "छापेलुं?" नंतर दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना त्यांनी काय हवं ते विचारण्याआधी तो कागद दाखवला. गोविंदकाकांनी मात्र या सगळ्यावर एवढंच म्हटलं, की डबा उघडायची त्यांची पद्धत चुकीची नव्हती, फक्त डबा चुकीचा होता.

नव्या बॅटऱ्या सुनेत्राने स्वतः बसवल्या. पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे वीस मिनिटं लागली. बसवण्याआधी मोकळ्या जागेत पांढऱ्या शाईने तारीख घातली, '१९ एप्रिल', आणि थोडं थांबून पुढे सही केली, '– सु.' दुसऱ्या दिवशी मजकूर छापखान्यात गेला. 'खाली' या नोंदीत तिने काही बदललं नाही. काकांच्या पत्रातली 'खाली झालेल्या' ही तिला न सापडलेली बारावी चूक तिथे कायमची बरोबर लिहिलेली होती.

फुगलेल्या दोन जुन्या बॅटऱ्या राहिल्या होत्या. त्या नीट विल्हेवाटीसाठी न्यायला केयूरभाई रविवारी येणार होते. तोवर त्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. मग ती माडीवर यूपीएसवरची चिठ्ठी काढायला वाकली. नखाने एक कोपरा सोडवला सुद्धा.

"असू दे ती," दारातून आई म्हणाली. "खोटं काय आहे तिच्यात? खालीच तर आहेत."

सुनेत्राने विचार केला. जुन्या बॅटऱ्या जिन्याखाली होत्या आणि त्यांच्यात काही उरलं नव्हतं. म्हणजे रविवारपर्यंत तरी ती चिठ्ठी अप्पांच्या मराठीतही बरोबर होती आणि आईच्या मराठीतही.

तिने सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून परत चिकटवला.